दुभाषी घोसाळकर

घोसाळकरांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं, "मला बाराव्या वर्षी पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा मी खूप घाबरले होते."

हे म्हणणारा माणूस पन्नाशीचा होता. त्याला झुपकेदार मिशी होती, अंगात राखाडी कोट, गळ्यात वॉर्ड ऑफिसचं ओळखपत्र आणि पायांत शाळेने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हिरव्या सपाता. त्या त्याला इतक्या आखूड होत्या की टाचा जमिनीवरच टेकत होत्या. टोकियोच्या एदोगावा भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत चौथीच्या पालकांची सभा होती आणि आम्ही चार भारतीय आया पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. माझ्या शेजारच्या बाईने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. घोसाळकर मात्र शांतपणे पुढे बोलत राहिले. "माझ्या आईने मला काहीच सांगितलं नव्हतं. तुमच्या मुलींवर ती वेळ येऊ नये, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे."

त्यांच्या शेजारी शाळेच्या आरोग्यखोलीच्या शिक्षिका निशिदाबाई उभ्या होत्या आणि हे सगळं त्यांचं जपानी बोलणं होतं, हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. खरा दुभाषी बोलणाऱ्याचा ‘मी’ बदलत नाही. ‘बाई म्हणतात की’ अशी शेपटी तो लावत नाही. बोलणारी बाई असेल तर तो ‘घाबरले’ म्हणतो.

सभा संपल्यावर आमच्यातल्या एकीने धीर करून विचारलं, "तुम्हाला काही वाटलं नाही का हो, हे सगळं आमच्यासमोर बोलताना?"

"लाजणं माझ्या कामात बसत नाही," ते म्हणाले. "जसं आलं तसं दिलं."

पण ते पाठमोरे होऊन जिना उतरायला लागले तेव्हा मी पाहिलं, नोव्हेंबरच्या थंडीत त्यांच्या कोटाची पाठ घामाने भिजली होती.

दत्ताराम घोसाळकर मूळचे चिपळूणकडचे. मुंबईतल्या एका व्यापारी कंपनीने त्यांना तरुणपणी जपानला पाठवलं, पुढे कंपनीने इथलं ऑफिस बंद केलं, आणि हे मागे राहिले. का राहिले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. जपानी मुलांना त्यांचं आडनाव उच्चारता येत नसे. ‘गोसारुकारु-सान’ म्हणताना पोरं फिदीफिदी हसत, कारण ‘गो’ म्हणजे पाच आणि ‘सारु’ म्हणजे माकड. घोसाळकर स्वतःच बोटं उघडून पाच माकडं मोजून दाखवत. आमच्यासारखी सॉफ्टवेअरवाली कुटुंबं त्या काळात दर महिन्याला तिथल्याच निशी-कासाई वस्तीतल्या इमारतींत येऊन पडत होती. त्यांना कचरा कसा वेगळा करायचा, दवाखान्यात काय सांगायचं, शाळेच्या चिठ्ठीवर शिक्का कुठे मारायचा, हे सगळं घोसाळकर समजावत. सायकलच्या टोपलीत एक वही, टोक केलेल्या चार पेन्सिली आणि कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेला, खारवलेलं आंबट आलुबुखार भरलेला भाताचा त्रिकोणी गोळा. हेच त्यांचं दुपारचं जेवण.

त्यांची एक सवय होती. दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते उभे राहत. आपलं बोलायचं झालं की खाली बसत. "उभा घोसाळकर भाड्याचा," ते म्हणत. "बसलेला स्वतःचा." मी त्यांना ओळखत होते त्या पहिल्या वर्षात ते माझ्यासमोर फारसे बसले नाहीत.

त्या पहिल्या सभेतच एक गोष्ट घडली होती. निशिदाबाईंनी फळ्यावर चित्रं लावली. एका चित्रात बीज, दुसऱ्यात पोटातलं बाळ. हे पुढच्या वर्षी पाचवीच्या विज्ञानात येईल, म्हणाल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच मला विचारलं, "या दोन चित्रांच्या मधलं काय?" ते घोसाळकरांना ऐकू गेलं. त्यांना ऐकू गेलं म्हणजे त्याचं भाषांतर होणारच. निशिदाबाईंनी तिथे बसलेल्या मुख्याध्यापकांकडे एकदा पाहिलं आणि एक वाक्य म्हटलं.

"ते इथे हाताळलं जात नाही," घोसाळकर म्हणाले.

"मग कुठे हाताळतात?"

परत जपानी, परत मराठी. "घरी."

आम्ही चौघी एकमेकींकडे बघून हसलो. घरी! माझ्या घरी तर टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली की अजित, माझा नवरा, पाणी प्यायला उठायचा.

नंतर मला कळलं की त्या वाक्यामागे सरकारी अभ्यासक्रमातली एक ओळ होती. बाळाची वाढ शिकवा, पण तिची सुरुवात कशी होते ते शिकवू नका, अशी. त्या काळात टोकियोत या विषयावरून वातावरण फार तापलेलं होतं. शिक्षकांनी मर्यादा ओलांडली म्हणून त्यांना तंबी मिळाल्याच्या बातम्या यायच्या. निशिदाबाईंनी पूर्वी मुलांना शरीर समजावण्यासाठी हाताने शिवलेल्या दोन कापडी बाहुल्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितलं होतं. गंमत अशी की त्याच सुमारास पुण्याहून माझी बहीण फोनवर म्हणाली, आपल्याकडेही शाळांमधून हे शिकवायला बंदी आली आहे, लोक म्हणतात आपल्या संस्कृतीत संयम शिकवतात, बाकी काही नको. मी म्हटलं, बरोबरच आहे. खोटं कशाला सांगू, मी तसंच म्हटलं होतं.

आता पुढचं लिहायचं तर मला माझ्या मुलीची परवानगी घ्यावी लागली. मुक्ता आज सव्वीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "लिही. पण घोसाळकरकाकांवर लिही, माझ्यावर नको." म्हणून मी तेवढंच लिहिते, जेवढं त्यांच्याबद्दल सांगायला लागेल.

मुक्ता पाचवीत गेली त्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. शुक्रवारी दुपारी सुरू व्हायचं, रविवारी थांबायचं. शाळेत ती आरोग्यखोलीत जाऊन पडायची. तिचं जपानी तोवर माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, पण दुखलंखुपलं की ती मराठीत शिरायची, म्हणून निशिदाबाईंनी घोसाळकरांना बोलावलं आणि मलाही. "पोट दुखतं," मुक्ता म्हणायची. घोसाळकर उभे राहून सांगायचे, "पोट दुखतं." दोन दवाखाने झाले. औषधं झाली. मी तिचं दूध बंद केलं, मग गहू बंद केला. शनिवारी ती आमच्याच इमारतीत आठव्या मजल्यावर गणिताच्या शिकवणीला जायची. तिथे एक गृहस्थ भारतीय मुलांना फुकट शिकवायचे, इथल्या मराठी मंडळात त्यांना मोठा मान होता. त्यांचं नाव लिहिण्याइतकी जागा मला त्यांना द्यायची नाही. "पोट दुखतंय तर आज जाऊ नको का?" ती विचारायची, आणि मी म्हणायचे, "गणित बुडवायचं नाही." हे वाक्य मी म्हटलेलं आहे. एकदा नाही, पाच-सहा वेळा.

तिसऱ्यांदा आरोग्यखोलीत बसलो होतो. निशिदाबाईंनी विचारलं, कुठे दुखतं. मुक्ता म्हणाली, "पोटात." घोसाळकरांनी तोंड उघडलं आणि ते थांबले. दुभाष्याला थांबलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते. तिचा हात पोटावर नव्हता.

"घोसाळकर-सान?" बाई म्हणाल्या.

ते बाजूची खुर्ची ओढून बसले. मग बाईंना जपानीत काहीतरी म्हणाले आणि लगेच मला मराठीत सांगितलं. "मी यांना म्हटलं, मी चुकीचं भाषांतर करतोय. दोन महिने करतोय."

निशिदाबाईंनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कापडी बाहुली आणून मुक्ताच्या मांडीवर ठेवली. घोसाळकर उठले, त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. भिंतीवर दात घासण्याची पद्धत दाखवणारा तक्ता होता. त्या तक्त्याकडे बघत त्यांनी बाईंचा प्रश्न मराठीत सांगितला, "तुला जिथे त्रास होतो तिथे बाहुलीवर बोट ठेव. बोलायची गरज नाही."

मुक्ताने बोट ठेवलं. मग म्हणाली, "इथे. शनिवारी."

घोसाळकरांनी त्या दोन शब्दांचं जपानी केलं. त्यांचा आवाज जसाच्या तसा होता.

त्या दिवसापासून मुक्ता आठव्या मजल्यावर गेली नाही. निशिदाबाईंनी त्याच दिवशी मुलांच्या सल्लाकेंद्राला कळवलं, दोन दिवसांनी पोलीस आले. प्रत्येक ठिकाणी घोसाळकर आमच्याबरोबर होते. त्या माणसाची चौकशी झाली. महिन्याभरात त्याच्या कंपनीने त्याला परत पाठवून दिलं. त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही. आम्हाला जे कारण सांगितलं गेलं त्याचं भाषांतर करताना घोसाळकर पहिल्यांदा अडखळले. "पहिल्या दोन महिन्यांच्या सगळ्या कागदांवर," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा सुरुवात केली, "पहिल्या दोन महिन्यांच्या सगळ्या कागदांवर मुलीने पोटदुखी सांगितल्याची नोंद आहे."

अजित त्या काळात फार बोलत नसे. एकदा म्हणाला, "परत जाऊ या." मी विचारलं, "कुठे? तिकडे कोण सांगणार होतं तिला?" त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. इमारतीतल्या दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. लिफ्टमध्ये बटणांकडे बघत उभे राहायचे.

मग एका संध्याकाळी घोसाळकर आमच्याकडे आले. सोफ्यावर बसले. मी चहा ठेवला, तो तसाच थंड झाला.

"वहिनी, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"तुमची कशी? ती पोट म्हणाली, तुम्ही पोट म्हणालात."

"तेच तर. पोटाचं भाषांतर पोट असं केलं. शंभर टक्के बरोबर केलं. तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." त्यांनी आत अभ्यास करत असलेल्या मुक्ताकडे पाहिलं. "ही पोर तीन भाषा बोलते. तीन भाषांत तिला डायनासोरची नावं येतात. आणि स्वतःच्या अंगाचं नाव एकाही भाषेत येत नाही. शाळा म्हणते घरी, घर म्हणतं शाळेत. मधे पोर उभी."

मी रडायला लागले. ते थांबले, मी गप्प झाल्यावर पुढे म्हणाले, "नाव घेतल्याशिवाय तक्रार लिहून घेत नाहीत, वहिनी. कुठल्याच देशात नाही. पोरांना शब्द द्यायला पाहिजेत. हिला आणि बाकीच्यांनाही. मला तुमची मदत लागेल, कारण मराठीतले शब्द मला माहीत नाहीत."

मला वाटलं होतं, यात काय कठीण आहे. आम्ही दोघं माझ्या जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात आमच्या लक्षात आलं की मराठीत आम्हाला दोनच तऱ्हेचे शब्द ठाऊक होते. एक शिवीतले आणि एक संस्कृतातले. पहिले मुलांपुढे उच्चारता येत नव्हते, दुसरे दहा वर्षांच्या पोराला वैद्यकाच्या पुस्तकातले वाटले असते. आणि घराघरांतले लाडाचे शब्द म्हणजे प्रत्येक घराचे वेगळे, शेजारच्या घरालाही कळणार नाहीत असे. पोलिसाला तर कसे कळणार? घोसाळकरांनी चिपळूणला बहिणीला फोन लावला आणि विचारलं, बायकांच्या त्या जागेला तुमच्याकडे काय म्हणतात. ती गावच्या आरोग्यकेंद्रात नर्स होती. स्पीकरवर तिचा खणखणीत आवाज आला. "अरे दत्तू, आमच्या बायका ‘मायांग’ म्हणतात. दवाखान्यात येऊन व्यवस्थित सांगतात, मायांगात दुखतं म्हणून. त्यात काय एवढं?"

घोसाळकरांनी पेन्सिल घेतली आणि तो शब्द वहीत लिहिला. "शब्द होता आपल्याकडे," ते म्हणाले. "बायकांनी जपून ठेवला होता. आपण शिकलो आणि विसरलो."

असे सहा शब्द आम्ही नक्की केले. मराठी, जपानी, इंग्रजी. सहाच. "साठ शिकवले तर शिक्षण होतं," ते म्हणाले, "सहा शिकवले तर पाठ होतात."

गणपतीच्या तयारीसाठी मंडळाची सभा होती. शेवटी घोसाळकर उठले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कम्युनिटी हॉलची तातामीची, म्हणजे जपानी चटया अंथरलेली खोली घेतली आहे, असं त्यांनी सांगितलं. निशिदाबाई येतील, मुलांना शरीराबद्दल माहिती देतील, आईवडिलांनीही बसावं. कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळाचे चिटणीस एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. ते म्हणाले, "घोसाळकर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण इथल्या सरकारचा नियम आहे की शाळेत हे शिकवायचं नाही. आपल्या सरकारनेही बंद केलंय. दोन-दोन सरकारं सांगतायत, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाणे? मुलांना संयम शिकवा. बास."

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "लग्न न केलेला माणूस आमच्या पोरांना हे शिकवणार?" आणि थोडं हसू झालं.

घोसाळकर खुर्ची बाजूला सारून खाली जमिनीवरच बसले. मला वाटलं, संपलं. मग आठवलं की हा माणूस स्वतःचं बोलायचं असलं की बसतो.

"इथला नियम मी वाचलाय," ते मांडी घालून, सगळ्यांकडे वर बघत म्हणाले. "माझं कामच ते आहे. त्यात एक ओळ आहे. गर्भ राहण्याची सुरुवात कशी होते ते वर्गात घ्यायचं नाही. एवढंच. शरीराच्या भागांची नावं सांगू नका, असं त्यात कुठेही नाही. कुणी हात लावला तर काय करायचं ते सांगू नका, असंही नाही. ते सगळं लोकांनी भीतीपोटी मागाहून वाढवलं. नियम एक ओळीचा, भीती पानभर. आणि तो नियमसुद्धा शाळेला आहे. आयांना नाही, बापांना नाही, मलाही नाही."

"पण संयम..." चिटणीस म्हणाले.

"संयम शिकवाच. मी कुठे नको म्हणतो? पण ज्याचं नावच घ्यायचं नाही, त्याचा संयम पोरांनी धरायचा कसा? आणि चिटणीससाहेब, आठव्या मजल्यावर संयम कुणी धरायचा होता? त्या पोरीने?"

मी उठले. मी म्हटलं, "माझी मुलगी येणार आहे. पहिल्या रविवारी." अजित माझ्या शेजारी बसला होता. तोही उभा राहिला.

पहिल्या रविवारी तीन मुलं आली. निशिदाबाई साध्या जीन्समध्ये आल्या होत्या. कुणी तक्रार केली तर तुमची नोकरी जाईल, असं मी त्यांना आधीच म्हटलं होतं. त्यांचं उत्तर घोसाळकरांनी मला दिलं होतं. "रविवारी मी कुणाची शिक्षिका नाही. रविवारी मी फक्त निशिदा आहे." त्यांनी एकेक भाग दाखवून नाव सांगितलं, घोसाळकरांनी उभं राहून मराठीत सांगितलं, मुलांनी म्हटलं. पहिल्या फेरीला मुलं हसली, दुसऱ्या फेरीला कमी हसली, चौथ्या फेरीला ती पाढ्यासारखी म्हणायला लागली. मुक्ता पहिले तीन रविवार गप्प बसली. तिला कुणी आग्रह केला नाही. चौथ्या रविवारी ती सहाही शब्द एका दमात, मोठ्याने म्हणाली, तिन्ही भाषांत, आणि मग पाणी प्यायला बाहेर गेली. मी तिच्यामागे जायला निघाले तर घोसाळकरांनी मला हातानेच थांबवलं. "जाऊ दे. एकटीने पिऊ दे पाणी."

एकदा एका मुलाने विचारलं, "काका, माझे बाबा म्हणतात संयम ठेवायचा. संयम म्हणजे काय?" घोसाळकरांनी निशिदाबाईंना प्रश्न सांगितला नाही. ते खाली बसले आणि स्वतःच म्हणाले, "कुणी नको म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं, हा एक संयम. आणि आपल्याला नको असेल तर ‘नको’ असं ओरडून सांगायचं, तिथे संयम ठेवायचा नाही." तो मुलगा चिटणिसांचा होता. त्याची आई त्याला घेऊन यायची आणि घरी सांगायची की कराटेला नेते.

मार्च अखेरीला वॉर्ड ऑफिसातून घोसाळकरांना बोलावणं आलं. कुणीतरी पत्र लिहिलं होतं. टेबलामागच्या अधिकाऱ्याने फार नम्रपणे सांगितलं की दुभाष्याने दुभाष्याचंच काम करावं अशी अपेक्षा असते, आणि एप्रिलपासूनच्या नव्या वर्षाच्या यादीत बहुधा त्यांचं नाव असणार नाही. हे मला घोसाळकरांनीच सांगितलं, त्या अधिकाऱ्याच्या ‘मी’मध्ये. "मला व्यक्तिशः फार वाईट वाटतं." मला आधी कळलंच नाही की वाईट कुणाला वाटतंय.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आपलं बरोबर आहे. दुभाष्याने शब्द वाढवायचे नसतात. मी वाढवले." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "सहा."

त्यांना कावासाकीत एका कारखान्यात काम मिळालं. भारतातून आलेल्या इंजिनिअरांना सुरक्षेचे नियम समजावायचे. तिथेच एक खोली घेतली. दर पहिल्या रविवारी पहाटे उठून, दोन गाड्या बदलून ते एदोगावाला यायचे. एकही रविवार चुकला नाही. ताप असताना आले, आणि मुलांना लागू नये म्हणून दारात, मास्क लावून, उभ्याने दोन तास बोलले. हळूहळू अकरा मुलं झाली, मग सतरा. लिफ्टमध्ये बटणांकडे बघणाऱ्या दोन घरांपैकी एक घर आलं. दुसरं आलं नाही.

अजितचं कंत्राट संपलं तेव्हा मुक्ता आठवीत होती. निघण्याच्या दिवशी घोसाळकर आम्हाला निशी-कासाई स्टेशनवर भेटायला आले. रविवार होता, हॉलवर जायच्या आधीची वेळ. मुक्ता त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरले आणि तिच्याशी जपानी पद्धतीने कमरेत वाकून बोलले, मोठ्या माणसाशी बोलतात तसं. ती हसली आणि तीही वाकली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "घोसाळकर, तुम्हीही परत चला की. बहीण आहे चिपळूणला. इथे एकटे किती दिवस राहणार? मंडळ तुमचं नाही, वॉर्ड तुमचा नाही."

"बघू," ते म्हणाले. मला वाटलं, विषय टाळतायत. मग त्यांनी पिशवीतून एक नवी वही काढून मला दाखवली. पहिल्या पानावर गोलगोल अक्षरं होती, पहिलीतल्या मुलाने गिरवावीत तशी, आणि त्यांच्या खाली देवनागरीत उच्चार.

"हे काय?"

"तेलुगू. आजपासून चार नवी मुलं येणार आहेत, हैदराबादची. त्यांच्या आयांना इंग्रजी फारसं येत नाही." त्यांनी वही माझ्याकडून परत घेतली आणि ओठ हलवत एकदा वाचून पाहिलं. "कारखान्यात एक पोरगा आहे विजयवाड्याचा, त्याच्याकडून शब्द घेतले. लाजत होता सांगायला. दोन आठवडे मागे लागलो."

"तुम्हाला तेलुगू येतं?"

"नाही," घोसाळकर म्हणाले. "सहा शब्द येतात. आजच्यापुरते पुरे आहेत."

आमची गाडी लागली. सामान चढवून मी मागे वळून पाहिलं तर ते निरोपाला थांबलेलेच नव्हते. वही उघडी धरून, तेलुगू पाठ करत, ते जिना उतरत होते. त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले, कावासाकीतच, अचानक. निशिदाबाईंनी फोन करून कळवलं. त्या सहा वर्षांत तमिळ आणि बंगालीही झालं होतं, म्हणाल्या.

त्या दिवशी स्टेशनवर एवढंच दिसलं. खालच्या पायरीवर दोन बायका साड्या सावरत, मुलांचे हात धरून, भांबावून उभ्या होत्या. घोसाळकर त्यांच्यासमोर थांबले, वही मिटली आणि वाकून काहीतरी म्हणाले. बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं. मग त्या त्यांच्यामागून चालायला लागल्या.